दाणेवालं रबर, सपाट रबर

हे की हे?

चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत ती दिवसभर हाच प्रश्न विचारायची. समोर गिऱ्हाईक, त्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम, भिंतीवर अक्षरं, तिच्या बोटांत दोन काचा. "हे स्पष्ट की हे? आता हे? की हे?" माणसं घाबरून जायची. भलेभले मिशाळ बाप्ये खुर्चीत शाळकरी पोरासारखे अंग चोरून बसायचे.

"चुकलं तर, बाई?"

"चुकायला काय आहे त्यात? डोळे तुमचे. तुम्ही सांगाल ते बरोबर."

संध्याकाळी शटर खाली आलं की ती अग्निशमन केंद्रामागच्या हॉलमध्ये टेबल टेनिस खेळायला जायची. पुढच्या अंगाला लाल बंब उभे, त्यांच्या शेजारी भिंतीला टेकवलेल्या गमबुटांची रांग, आणि मागे एक लांबट हॉल, त्यात दोन टेबलं. बंबावरची माणसं हात मोकळे असले की खेळायची, आसपासच्या गल्ल्यांतल्यांनाही येऊ द्यायची. अट एकच. भोंगा झाला की हातातलं टाकून भिंतीला चिकटायचं आणि वाट मोकळी सोडायची.

दुकानात ती मालकाची. घरी ती सगळ्यांची. मधला हा एक तास तेवढा तिचा. तिथे तिला कुणी पाणी मागत नव्हतं, बिल मागत नव्हतं, "माझा टॉवेल कुठाय" असं विचारत नव्हतं.

आणि या हॉलमध्ये बायकांत तिचा पहिला नंबर होता.

खेळाडू की भिंत?

भिंत. हे तिचं हॉलमधलं नाव. मारलेला प्रत्येक चेंडू परत येतो म्हणून भिंत.

यामागचं गुपित उघडंच होतं. तिच्या बॅटच्या एका बाजूला दाणेवालं रबर होतं. साधं रबर वरून सपाट असतं, थोडं चिकट, चेंडूला पकडून फिरवणारं. दाणेवाल्याला बाहेरून लांब मऊ दाणे असतात. समोरच्यानं कितीही ताकदीनं, कितीही फिरकी देऊन मारलं तरी दाणे वाकतात आणि चेंडू भलत्याच फिरकीनं, डगमगत, मेल्यासारखा परत जातो. समोरचा गोंधळतो. चेंडू जाळीत. तिला काही करावं लागत नाही. बॅट पुढे धरायची, बस्स.

म्हणून ती बॅट पुढे धरायची. वर्षानुवर्षं धरत आली. दुसऱ्या बाजूचं सपाट रबर दुकानातून आणल्यासारखं कोरं राहिलं होतं.

दुसरा नंबर तिच्या थोरल्या जावेचा. जाऊबाई शाळेत खेळ शिकवायच्या. त्यांचा हात असा सुटायचा की बघत राहावं, कोपरापासून मनगटापर्यंत एक लांब वळण आणि शेवटी कपाळाशी सलाम. तरी हरायच्या त्याच. दर वेळी हरायच्या आणि दर वेळी घरी जाताना जिन्यात तिच्याशी बोलायच्या नाहीत. मग वरच्या मजल्यावरून भांड्यांचा आवाज जरा जास्त यायचा.

दाराच्या अलीकडे की पलीकडे?

ती अलीकडे होती, हात धुवायच्या बेसिनपाशी. जाऊबाई पलीकडे, बंबमामांशी बोलत होत्या. बंबमामा म्हणजे बंबावरून निवृत्त झालेले आणि तरीही रोज ड्युटीवर असल्यासारखे येणारे हॉलचे स्वयंघोषित मालक.

"अहो मामा, ती कुठे खेळते? बॅट खेळते तिची. ही आपली धरून उभी असते, रिक्षाला हात केल्यासारखी."

मामा हसले.

जाऊबाईंचं बोलणं तिला लागलं नाही. मामांचं हसणं लागलं. ते हसणं कुजकट नव्हतं. 'आहे खरं' असं म्हणणारं होतं.

ती नळ चालू ठेवून उभी राहिली, हात कोरडे असूनही.

सोडू की शिकू?

घरी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून तिनं हात फिरवून पाहिला. जाऊबाईंसारखा. आरशातली बाई कोळ्याची जाळी झाडत होती.

"काय चाललंय?" नवऱ्यानं पेपरातून डोकं काढलं.

"अहो, मला खेळता येतं का?"

"पहिली आहेस ना तू?"

"ते नाही विचारलं."

नवरा शहाणा. पेपरात परत गेला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ओटा पुसता पुसता तिनं ठरवलं. दाणे काढायचे. दोन्ही बाजूंना सपाट रबर लावायचं आणि महिनाअखेरच्या नंबरांच्या सामन्यापर्यंत हाताला मारायला शिकवायचं. हात शिकला तर ठीक. नाही शिकला तर समजायचं की आत खेळाडू कधी नव्हताच, नुसते दाणे होते. मग बॅट ठेवून द्यायची, दुकानातून सरळ घरी यायचं. खोट्या तासापेक्षा तासच नको.

ठरवलं आणि फडकं इतकं पिळलं की त्यातून थेंब येईना.

वेगवान की अतिवेगवान?

आता ऐका बाईंनी काय केलं. दुकानात दिवसभर लोकांना धीर धरायला सांगणारी ही बाई खेळाच्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "सगळ्यात चांगली दाखवा."

विकणाऱ्या मुलाचे डोळे चमकले. "मॅडम, ही घ्या. लाकडात कार्बनचे थर आहेत. रबराखाली सगळ्यात जाड स्पंज. मोठमोठे खेळाडू अशीच वापरतात. नुसता हात लावा, चेंडू गोळीसारखा जातो."

चेंडू गोळीसारखा गेला. टेबलावर नाही, पण गेला. पहिला खिडकीच्या जाळीला लागला. दुसरा पंख्याला. तिसरा बंबांपर्यंत पोचला आणि दिसेनासा झाला. तेवढ्यात भोंगा झाला, सगळी भिंतीला चिकटली, बंबावरची माणसं धावत सुटली आणि एकानं गमबुटात पाय घातला.

"अगं आई गं! बुटात काय घातलंय रे?"

चेंडू होता. चपटा झालेला.

जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडं नाही हो ताई," ती म्हणाली, "अंगणच पळतंय."

चार दिवसांत तिनं एक युक्ती शोधली. हात फिरवायचाच नाही. जोर काढून टाकायचा, बॅट नुसती धरायची, हलकी टेकवायची. मग चेंडू टेबलावर पडायचा.

बॅट नुसती धरायची.

हे लक्षात आलं तेव्हा ती टेबलापाशीच थांबली. दाणे गेले, कार्बन आलं, आणि ती होती तिथेच, रिक्षाला हात करत. भिंतच, फक्त आता महागडी. हॉलमधून निघताना तिनं बॅट पिशवीत कोंबली, घेऊन पस्तावलेली भाजी कोंबावी तशी.

पूर्ण नंबर की कमी?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एक छपाईवाले आजोबा आले. आयुष्यभर बारीक अक्षरं जुळवली, चष्मा म्हणून लावला नाही. तपासलं तर नंबर भलताच मोठा, त्यात तिरकाही.

"द्या," आजोबा म्हणाले, "एकदम पूर्ण द्या. उगाच माझ्या वयाची दया नको."

"आजोबा, एकदम पूर्ण दिला तर जमीन अंगावर येईल. पायरी दिसेल एकीकडे आणि पाय पडेल दुसरीकडे. मग तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवाल आणि म्हणाल, बाईला काही येत नाही."

"मग?"

"आधी कमी देऊ. डोळ्याला काम करू दे थोडं. सरावला की वाढवू."

"आणि तोवर?"

"तोवर जे दिसेल ते तुमच्या डोळ्यानं दिसेल, काचेच्या जोरावर नाही. आणि काय चुकतंय ते तुम्हाला..."

वाक्य तिथेच राहिलं. तिच्या हातात काच होती. ती काचेतून आजोबांकडे बघत होती, पण आजोबा तिला दिसत नव्हते.

"बाई? मला काय?"

"कळेल," ती म्हणाली. "काय चुकतंय ते कळेल. अहो आजोबा, मी पण काय गाढव आहे."

आजोबांनी यावर मत दिलं नाही.

ही की ही?

"मामा, कपाटात जुन्या बॅटी असतील तेवढ्या काढा."

"कशाला? जाळायच्यात? इथे जाळलं तर आम्हालाच विझवावं लागेल."

"तपासणी आहे. माझी. तुम्ही समोरून चेंडू द्यायचा, प्रत्येक वेळी तसाच, तिथेच. आणि ताई, तुम्ही माझ्या मागे उभ्या राहा. एकेक बॅट हातात द्यायची. मी बॅटकडे बघणार नाही."

"मी का?" जाऊबाईंनी भुवई चढवली.

"कारण तुम्ही माझी बाजू घेणार नाही."

हे पटण्यासारखं होतं. जाऊबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हं, ही घे."

टक्. "पुढची."

"ही."

टक्. "परत पहिली द्या."

"बघू नकोस म्हणालीस ना? मान सरळ."

"बघत नाहीये. पहिली बरी की दुसरी... दुसरी. आता दुसरी आणि तिसरी."

"मामा, चेंडू जरा उंच आला तुमचा."

"आला असेल. माणूस आहे मी, यंत्र नाही."

"ताई, ही माझीच कार्बनवाली दिलीत ना?"

"तुला कसं कळलं?"

"चेंडू पंख्याकडे गेला."

"हं. ही घे."

टक्.

"ही कुठली?"

"सांगायचं नाही असं ठरलंय."

"परत द्या. मामा, परत. तसाच."

टक्. चेंडू जाळीत.

"जाळीत गेला की गं."

"हो. पण का गेला ते कळलं. हात अर्ध्यात थांबला माझा. मघाच्या बॅटीनं चेंडू तरीही पलीकडे नेला असता. ही नेत नाही. ही म्हणते, बाई, तुझं काम तू कर. परत."

टक्. जाळीच्या वरच्या पट्टीला लागून अलीकडेच पडला.

"परत."

"अगं कोपर!" जाऊबाईंना राहवेना. "कोपर अंगाला का शिवून ठेवलंस? सोड ते. आणि मागे इतका नेऊ नकोस हात, बादली ओततेस का? पुढे. वर. चेंडूला आपटायचं नाही, खालून वर पुसायचं. काच पुसतेस ना दुकानात? तसं."

ते तिला कळलं.

तोच चेंडू, दोनदा

कार्बनच्या बॅटनं: मामांचा चेंडू येतो. ती पुसायला जाते. चेंडू बॅटला लागतो न लागतो तोच सुटतो. ती अजून हात फिरवतेच आहे आणि चेंडू भिंतीला लागून परत निघालाय. काय झालं? कुणास ठाऊक. पुढच्या वेळी ती घाबरते आणि हात आखडते.

मंद लाकडाच्या बॅटनं: मामांचा चेंडू येतो. ती पुसायला जाते. चेंडू रबरात क्षणभर बसतो, बसून राहतो, आता उठू का म्हणून विचारतो. तिचा हात त्याला वर नेतो. चेंडू जाळीवरून कमान करून जातो, पलीकडे वाकतो, टेबलाच्या आत पडतो आणि पुढे उडी घेतो. मामांची बॅट हवेत.

"आयला," मामा म्हणाले.

तिनं मान वळवून हातातली बॅट पाहिली. नवीन भरती झालेल्यांना सुरुवातीला देतात ती, साधी, पाच पातळ लाकडांची, मुठीवर कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळलेली. रबर जुनं, कडा फाटलेल्या.

"ही?" जाऊबाई म्हणाल्या. "ही तर कुणी घेत नाही."

"सध्या हीच. हात सरावला की वाढवू."

सांगू की नको?

जिन्यात जाऊबाई थांबल्या. ही नवलाची गोष्ट. एरवी पुढे निघून जायच्या.

"एक विचारू? जिंकत होतीस ना दाण्यांनी? मग हे खूळ का?"

"बेसिनपाशी होते मी त्या दिवशी."

जाऊबाईंनी कठडा पकडला. "ऐकलंस?"

"रिक्षाला हात केल्यासारखी."

"अगं... मी आपलं... हरून हरून जीव विटला होता माझा. तोंडावर का नाही भांडलीस?"

"भांडायला काय, खरं होतं ते."

जाऊबाईंनी वळून तिच्या कोपराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उद्या अर्धा तास लवकर येतेस? कोपराचं बघू."

"येते."

"आणि हे बघ, सामन्यात मी सोडणार नाही तुला."

"सोडलंत तर बोलणार नाही तुमच्याशी."

पातळ स्पंज की जाड?

पातळ. यात तिनं कुणाला विचारलं नाही. साधं पाच थरांचं लाकूड घेतलं, सपाट रबर दोन, खाली पातळ स्पंज. कार्बनवाली बॅट मामांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली, "हात मोठा झाला की मागा" म्हणून.

रबर चिकटवायचं काम घरीच. डिंकाचा पातळ हात दिला, वाळू दिला, रबर बसवलं. नवऱ्यानं वरून लाटणं फिरवलं.

"सावकाश. बुडबुडे राहतील."

"मला घरात पहिल्यांदाच लाटायला दिलंस, आणि तेही रबर."

"गोल आलंय. शिकाल हळूहळू."

कडेचं जादा रबर तिनं एका फटक्यात कापलं. फ्रेमच्या मापाला काच घासणाऱ्या हाताला वळण काय शिकवायचं? नवरा बघतच राहिला. हा हात जाळी झाडणारा नव्हता.

बॅट दाखवा

सामन्याआधी एकमेकांना बॅट दाखवायची रीत आहे. समोरच्याच्या रबरावर अंगठा फिरवायचा, दोन्ही बाजू बघायच्या, परत द्यायची. आजवर जाऊबाई तिची बॅट दोन बोटांत धरायच्या, कुणाचा तरी वापरलेला रुमाल धरावा तशी, आणि दाण्यांवर अंगठा जायच्या आत परत करायच्या.

आज त्यांनी सावकाश अंगठा फिरवला. लाल बाजू, मग काळी. कड पाहिली. "छान कापलंयस," म्हणाल्या.

बाकावर मामा, बंबावरची दोनचार माणसं. 'भिंत' पडताना बघायला आलेली.

आणि पडली की. पहिला गेम असा गेला की काही विचारू नका. जाऊबाईंची फिरकी येऊन तिच्या सपाट रबरावर बसायची आणि भलतीकडे उडायची. पूर्वी हेच चेंडू दाणे गिळून टाकायचे. आता प्रत्येक चेंडूचं तिला स्वतः काहीतरी करावं लागत होतं, आणि बरंचसं चुकत होतं. पायाला गोळे आले. हाताला घाम. मनात जुनी सवय ओरडत होती, नुसती धर, नुसती धर ना बाई.

दुसऱ्या गेममध्ये तिनं दोनदा नुसती धरली. दोन्ही वेळा चेंडू उंच उडाला आणि जाऊबाईंनी ठोकला. या बॅटीला लाड माहीत नव्हते.

मग एक चेंडू आला. फोरहँडला, जरा लांब. पाय आपोआप सरकले. कोपर सुटलं. हात खालून वर गेला, रबर चेंडूला घासून गेलं आणि तो बारीक कोरडा आवाज आला जो तिनं इतकी वर्षं फक्त समोरून ऐकला होता. चेंडू जाळीवरून गेला, वाकला. जाऊबाईंनी अडवला. परत आला. तिनं परत पुसला. जाऊबाईंनी परत अडवला, जरा घाईत. तिसऱ्यांदा तिला कळत होतं की पाय कुठे आहेत, खांदा कुठे आहे, आणि चेंडू कुठे पडणार आहे. पडायच्या आधी कळत होतं.

तिथेच पडला. जाऊबाई पोचल्या नाहीत.

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली ते तिला कळलं नाही. छातीत इतके आठवडे आवळून बसलेलं काहीतरी एकदम सैल झालं, घट्ट झाकण निघावं तसं. श्वास पोटापर्यंत गेला. होता. आत खेळणारं कुणीतरी होतं. कच्चं होतं, धांदरट होतं, पायात पाय अडकणारं होतं, पण होतं.

त्यानंतर ती सरळ हरली. तिसरा गेमही गेला. शेवटचा चेंडू तर तिनं असा मारला की मामांना वाकावं लागलं.

हात मिळवताना ती हसत होती.

"हरून हसणारी बाई पहिल्यांदाच बघतेय," जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या. "मला जिंकल्यासारखं तरी वाटू दे."

"वाटू दे ना. जिंकलातच तुम्ही. तो शेवटचा का गेला बाहेर?"

"खांदा लवकर उघडलास."

"उघडला ना? मला पण वाटलं! मला कळलं, ताई, मारतानाच कळलं!"

"अगं, चूक सांगतेय मी तुझी."

"हो, तेच तर!"

नंबरांच्या फळ्यावरच्या पट्ट्या तिनं स्वतःच बदलल्या. पहिल्या जागी जाऊबाई. दुसऱ्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात बंबचालकाची बायको तिला आव्हान देणार होती, आणि बहुतेक तीही जिंकणार होती. मामांनी विचारलं, "मग, उद्या येणार ना?"

"असं काय विचारता?" ती म्हणाली. "उद्या बॅकहँड."

घरी पोचली तेव्हा नवऱ्यानं दार उघडलं आणि तिच्या तोंडाकडे बघून काही अंदाज लागेना.

"जिंकलीस?"

"छे. साफ हरले."

"अरेरे. मग?"

"मग काय?" तिनं चपला भिरकावल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि ओट्याकडे वळून कढईवरचं झाकण उचललं. "सरका. भूक लागलीये मला. काय भूक लागलीये हो!"